टॉप क्वार्कचा स्पिन कुणालाच दिसत नाही, मग मोजतात कसा?

२०२४च्या सप्टेंबरात ‘नेचर’ या नियतकालिकात सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलास गटाचा एक निबंध छापून आला. टॉप क्वार्क आणि त्याचा प्रतिकण यांच्या स्पिनमध्ये क्वांटम गुंफण (दोन कणांची अवस्था वेगवेगळी सांगताच येऊ नये असं नातं) आढळली, हा त्याचा गाभा. क्वार्कांमध्ये आणि इतक्या प्रचंड ऊर्जेला गुंफण याआधी कुणी दाखवली नव्हती, त्यामुळे बातमी मोठी होतीच. पण ती फॉरवर्ड होत होत आपल्यापर्यंत पोचली तोवर कण एकमेकांशी प्रकाशाहून वेगाने बोलू लागले होते, आणि काहींच्या मते टेलिपथीही सिद्ध झाली होती.

त्या निबंधाचा सगळा भार एका आकड्यावर आहे: उणे ०.५३७. हा आकडा कशाचा, तो कसा काढला आणि तो एका ठरावीक रेषेच्या खाली गेला म्हणून एवढा गाजावाजा का, हे कळलं की बाकीचा धुरळा आपोआप बसतो. मला विचाराल तर गुंफणीपेक्षा ती मोजायची रीतच जास्त नवलाची आहे. ज्याचा स्पिन मोजायचा तो कण कुणी पाहिलेला नसतो, पुढेही कुणी पाहणार नसतं.

आधी टॉप क्वार्कची ओळख

अणूच्या केंद्रात प्रोटॉन असतात, प्रोटॉनच्या आत क्वार्क. क्वार्कांचे सहा प्रकार आहेत आणि त्यांतला सगळ्यांत जड तो टॉप. १९९५ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये सीडीएफ आणि डी-झीरो या दोन गटांनी तो शोधला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, डी-झीरो गटात होती.

कणांची वजनं ‘जीईव्ही’ या एककात सांगतात. प्रोटॉन साधारण १ जीईव्हीचा, टॉप क्वार्क सुमारे १७२.५ जीईव्हीचा. म्हणजे टंगस्टनचा आख्खा अणू, त्यातल्या सगळ्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांसकट, जेवढा भरतो जवळपास तेवढं वस्तुमान एकाच कणात. आणि त्या कणाला आतून आणखी काही घटक असल्याचं आजवर आढळलेलं नाही.

जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉन फिरवून समोरासमोर आदळवतात. हाच तो लार्ज हॅड्रॉन कोलायडर, एलएचसी. टकरीत प्रोटॉनमधले ग्लुऑन (क्वार्कांना एकत्र बांधून ठेवणारे कण) एकमेकांवर आपटतात आणि ती ऊर्जा पुरेशी असेल तर एक टॉप आणि एक प्रति-टॉप अशी जोडी जन्माला येते. दोघांची वजनं धरली तर किमान ३४५ जीईव्ही लागतात. हा ३४५चा उंबरठा लक्षात ठेवा, तो पुढे बराच कामाला येणार आहे. २०१५ ते २०१८ या काळात एलएचसीने अ‍ॅटलासला अशा ११ कोटींहून जास्त जोड्या दिल्या, आणि शेजारच्या सीएमएस या दुसऱ्या प्रयोगालाही जवळपास तेवढ्याच. सीएमएसमध्ये टीआयएफआर, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्याची आयसर यांचे लोक आहेत.

स्पिन आणि सहसंबंध

स्पिन हा कणाचा अंगभूत गुण. कण स्वतःभोवती खरोखर गरगर फिरतो असं समजू नका. पण चुंबकसूचीला दिशा असते तशी कणालाही स्पिनमुळे दिशा असते. क्वांटमचा नियम असा, की तुम्ही कुठलीही दिशा निवडा, त्या दिशेने टॉपचा स्पिन मोजला तर उत्तरं दोनच मिळतात: त्या दिशेला किंवा बरोबर उलट. मधलं काही नाही.

एलएचसीत निघालेले टॉप क्वार्क एकेकटे तपासले तर त्यांच्या स्पिनला कुठलीच दिशा लाडकी नसते. निम्मे असे, निम्मे तसे. मात्र जोडीतल्या दोघांचे स्पिन एकत्र मांडले की त्यांच्यात मेळ दिसतो. या मेळालाच स्पिन-सहसंबंध म्हणतात. जोडी उंबरठ्याला, म्हणजे ३४५ जीईव्हीच्या आसपास, दोन ग्लुऑनांतून जन्मली असेल तर दोघांचे स्पिन मिळून बेरीज शून्य होते. एकाचा वर निघाला तर दुसऱ्याचा खालीच, आणि हे तुम्ही कुठल्याही दिशेने मोजलं तरी. जोडी खूप वेगात सुटली असेल, किंवा ग्लुऑनऐवजी क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्यातून आली असेल, तर मेळ वेगळ्या तऱ्हेचा असतो.

हे टॉपच्याच बाबतीत का? बाकीचे पाच क्वार्क काय वाईट?

वाईट काही नाही, ते फक्त जास्त जगतात. एरवी क्वार्क एकटा राहूच शकत नाही. तो निर्माण झाला की क्वार्कांना बांधणारं प्रबळ बल त्याच्याभोवती दुसरे क्वार्क-प्रतिक्वार्क गोळा करतं, त्यातून कणांचा झोत निघतो आणि मूळ क्वार्कचा स्पिन त्या गर्दीत बहुतांशी हरवतो.

टॉप या सगळ्याआधीच मरतो. त्याचं सरासरी आयुष्य दशांश चिन्हानंतर २४ शून्यं आणि मग ५, इतके सेकंद. गर्दी जमायला याच्या काही पट वेळ लागतो आणि स्पिन विस्कटायला हजार पटींहून जास्त. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा प्रोटॉनच्या त्रिज्येच्या पाचव्या हिश्शाइतका पुढे जात नाही. त्यामुळे जन्मताना मिळालेला स्पिन घेऊनच टॉप फुटतो, आणि फुटताना बाहेर पडणाऱ्या कणांच्या दिशांत त्याची खूण राहते.

खूण कुठे राहते?

टॉप जवळजवळ प्रत्येक वेळी एक डब्ल्यू बोसॉन (दुर्बल बल वाहणारा कण) आणि एक बॉटम क्वार्क यांत फुटतो. डब्ल्यू पुढे कधी दोन क्वार्कांत, तर कधी एक विद्युतभारित लेप्टॉन आणि एक न्यूट्रिनो यांत फुटतो. लेप्टॉन म्हणजे इथे इलेक्ट्रॉन किंवा त्याचा जड भाऊ म्युऑन.

ही फूट दुर्बल बलाची करणी. दुर्बल बल डावं-उजवं असा भेद करतं, हे १९५७ सालापासून प्रयोगाने माहीत आहे. त्याचा इथला परिणाम असा, की टॉपमधून निघालेला लेप्टॉन टॉपच्या स्पिनच्या दिशेला जाणं जास्त पसंत करतो, बरोबर उलट दिशेला कधीच जात नाही, आणि या दोन टोकांच्या मध्ये शक्यता हळूहळू उतरत जाते. प्रति-टॉपच्या बाबतीत सगळं उलट: त्याचा लेप्टॉन स्पिनच्या विरुद्ध दिशा पसंत करतो. बॉटम क्वार्कही थोडी माहिती देतो, पण लेप्टॉनच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच. लेप्टॉन मात्र जितकी देता येईल तितकी सगळी देतो.

इथे एक शंका येते. लेप्टॉनवर एवढा भरवसा ठेवायचा, पण फुटण्याच्या क्रियेतच काही अनोळखी गडबड असेल तर? या प्रश्नावर पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या रोहिणी गोडबोले यांनी सहकाऱ्यांसोबत महत्त्वाचं काम केलं आहे. २००६मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की टॉपच्या फुटण्यात लहानशी विसंगती असली तरी लेप्टॉनच्या दिशांची वाटणी पहिल्या पातळीवर जशीच्या तशी राहते. म्हणजे लेप्टॉनच्या दिशांत काही वेगळं दिसलं तर दोष टॉपच्या जन्मात शोधायचा, मरणात नव्हे. ‘नेचर’मधल्या निबंधानंतर पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२४मध्ये, त्या गेल्या.

आता एक गोष्ट स्पष्ट आहे. एका टकरीवरून काहीही कळत नाही. लेप्टॉनची ही नुसती ‘पसंती’ आहे. एका लेप्टॉनची दिशा बघून टॉपचा स्पिन अमुक होता असं कुणी सांगू शकत नाही. सहसंबंध ही लाखो जोड्यांच्या सरासरीत दिसणारी गोष्ट आहे.

पहिला, सोपा मार्ग

जोडीतले दोन्ही डब्ल्यू लेप्टॉन देऊन फुटले तर शोधकयंत्रात दोन लेप्टॉन दिसतात. प्रोटॉनांच्या झोताला आडव्या प्रतलात त्या दोघांमधला कोन मोजायचा, बस. इलेक्ट्रॉन आणि म्युऑन यांच्या दिशा यंत्रं फार अचूक टिपतात, त्यामुळे हे मोजमाप स्वच्छ असतं. मग दोन गणितं मांडायची: स्पिनमध्ये मेळ असेल तर कोनांची वाटणी कशी दिसेल, आणि मेळ अजिबात नसेल तर कशी. मेळ असेल तर लहान कोनांच्या जोड्या वाढतात.

फर्मीलॅबच्या डी-झीरो गटाला याआधी मेळाचा पुरावा मिळाला होता, पण खात्रीने ‘दिसला’ म्हणण्याइतका नाही. २०१२ साली अ‍ॅटलासने ‘मेळ नाहीच’ ही शक्यता ५.१ सिग्माने निकालात काढली. सिग्मा हे योगायोगाला किती वाव आहे ते सांगणारं माप. ५ सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक.

पुढे जास्त माहिती हाताशी आल्यावर याच कोनात अ‍ॅटलासला अपेक्षेपेक्षा जास्त मेळ दिसू लागला आणि नव्या भौतिकीची कुजबुज सुरू झाली. २०१९मध्ये सिद्धान्तवाल्यांनी गणित आणखी एक पायरी खोल नेलं आणि फरक बराच कमी झाला. निसर्गाने दगा दिला नव्हता, आपलंच गणित आखूड पडत होतं. या क्षेत्रात हे नेहमीचं आहे, आणि अशा बातम्या वाचताना ते ध्यानात असलेलं बरं.

दुसरा, कष्टाचा मार्ग

आडव्या प्रतलातला कोन सोपा खरा, पण त्यात स्पिनबरोबर टॉपच्या वेगाचाही हिशेब मिसळलेला असतो. शुद्ध स्पिन हवा तर प्रत्येक लेप्टॉनची दिशा त्याच्या त्याच्या टॉपच्या दृष्टीने, म्हणजे तो टॉप जणू स्थिर उभा आहे असं धरून, काढावी लागते. त्यासाठी टॉप कुठल्या वेगाने कुठे चालला होता ते माहीत हवं. आणि इथेच अडतं, कारण दोन न्यूट्रिनो यंत्रातून काहीही खूण न ठेवता निघून जातात.

एका न्यूट्रिनोच्या संवेगाचे तीन घटक, दोघांचे सहा. सहा अज्ञात संख्या. आता काय काय माहीत आहे ते बघू. टकरीआधी आडव्या दिशेला संवेग जवळजवळ शून्य होता, म्हणून नंतरही बेरीज शून्य यायला हवी. जेवढी तूट दिसते तेवढा संवेग दोन न्यूट्रिनोंनी मिळून नेला. यातून दोन समीकरणं. लेप्टॉन आणि न्यूट्रिनो मिळून डब्ल्यूचं वस्तुमान आलं पाहिजे, दोन्ही बाजूंना: आणखी दोन. त्यात बॉटम मिळवला की टॉपचं वस्तुमान आलं पाहिजे: आणखी दोन. सहा अज्ञात, सहा समीकरणं. दहावीतल्या एकसामयिक समीकरणांचाच हा थोरला अवतार.

फक्त ही समीकरणं सरळ रेषेची नाहीत, त्यामुळे एकाच टकरीला कधी दोन, कधी चार उत्तरं निघतात, कधी एकही निघत नाही. शिवाय दोन बॉटम झोतांपैकी कुठला कुठल्या लेप्टॉनचा सोबती हे झोतावर लिहिलेलं नसतं. दोन्ही जोड्या लावून बघाव्या लागतात. मोजलेल्या संवेगांत थोडी चूक असतेच, ती उत्तरांत वाढत जाते. म्हणून नंतर संगणकावर लाखो कृत्रिम टकरी घडवून ‘खरा कोन इतका असता तर आम्हाला किती दिसला असता’ याचा तक्ता बनवतात आणि त्या तक्त्यावरून उलटा हिशेब करतात.

अ‍ॅटलासने तर एक इलेक्ट्रॉन आणि एक म्युऑन अशाच जोड्या घेतल्या. दोन इलेक्ट्रॉन किंवा दोन म्युऑन झेड बोसॉन हा दुसराच कणही देतो. मिश्र जोडी तो थेट देत नाही, म्हणून तिच्यात भेसळ कमी. या अटीमुळे शंभरातल्या जेमतेम दोन जोड्या उरतात. ११ कोटींतल्या दोन टक्के म्हणजे वीसेक लाख, आणि त्याही सगळ्या चाळणीतून पार होत नाहीत.

पण मेळ तर चपलांच्या जोडातही असतो

हा आक्षेप अगदी रास्त आहे. देवळाबाहेर गर्दीत चपलांची अदलाबदल झाली, एक पाय तुमच्याकडे आणि एक चुकून नागपूरला गेला. तुमच्याकडे डावी आहे हे बघताक्षणी नागपूरची उजवी आहे हे तुम्हाला कळतं. यात गूढ काही नाही, ते आधीपासूनच ठरलेलं होतं. मग टॉपची जोडीही अशीच असेल तर? जन्मतानाच दोघांना एक दिशा वाटून दिली, एकाला सुलट, एकाला उलट; दर जोडीला दिशा वेगळी. मेळ दिसेल, पण गुंफण कशाला म्हणायची?

गंमत अशी की याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. टॉपला ठरलेली दिशा असेल तर त्याचा लेप्टॉन त्या दिशेला किती धरून चालतो ते काढता येतं. लेप्टॉनचा आणि त्या दिशेचा कोन घ्या, त्याची कोसाइन घ्या, सरासरी काढा: ती एक तृतीयांश येते. दुसऱ्या बाजूला प्रति-टॉपचा स्पिन उलट, आणि त्याचा लेप्टॉन स्पिनच्या उलट जाणारा. उलटाचं उलट होऊन तोही त्याच बाजूला झुकतो, एक तृतीयांशानेच. दोघांना आधी दिलेली दिशा सोडली तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तेव्हा दोन लेप्टॉनांमधल्या कोनाच्या कोसाइनची सरासरी एक तृतीयांश गुणिले एक तृतीयांश, म्हणजे एक नवमांश, दशांशात ०.१११. चपलांच्या हिशेबाने याच्या वर जाताच येत नाही. दिशा कशाही वाटा, कशाही मिसळा.

क्वांटमच्या हिशेबाने मात्र स्पिनची बेरीज शून्य असलेल्या गुंफलेल्या जोडीत ही सरासरी थेट एक तृतीयांशापर्यंत जाते. कारण तिथे ‘आधी ठरलेली दिशा’ अशी काही नसतेच. प्रत्येक दिशेत एकाच वेळी उलटसुलट नातं असतं. दिशा ठरलेली नाही आणि नातं मात्र पक्कं, हीच गुंफण.

या सरासरीला उणे तीनने गुणून जो आकडा येतो त्याला ‘डी’ म्हणतात. चपलांची मर्यादा उणे एक तृतीयांश, पूर्ण गुंफलेल्या जोडीचा डी उणे एक. सीएमएसने उंबरठ्याजवळच्या जोड्यांत डी उणे ०.४८० मोजला; कोसाइनची सरासरी ०.१६, नवमांशाच्या चांगली वर. अ‍ॅटलासने ३४० ते ३८० जीईव्ही या पट्ट्यात उणे ०.५३७ मोजला. यंत्राच्या पल्ल्यात येणाऱ्या कणांवरच त्यांनी हिशेब केल्यामुळे त्यांची मर्यादारेषा किंचित सरकून उणे ०.३२२ होते, तरी आकडा तिच्या खूपच खाली आहे. दोन्ही निकाल ५ सिग्मापलीकडचे. उणे एक का नाही आलं? कारण त्या पट्ट्यातल्या सगळ्याच जोड्या शून्य बेरजेच्या नसतात. क्वार्कांतून आलेल्या आणि जरा वेगात सुटलेल्या जोड्या मिसळून आकडा पातळ होतो. म्हणूनच पट्टा इतका अरुंद घेतला. टॉपमध्ये गुंफण या तऱ्हेने मोजता येईल हे योआव अफिक आणि हुआन रामोन मुन्योस दे नोव्हा यांनी २०२०च्या सुमारास सुचवलं होतं.

अ‍ॅटलासच्या आकड्याची अनिश्चितता पाहण्यासारखी आहे. जोड्यांच्या मोजणीतून येणारी चूक ०.००२ आणि पद्धतीतून येणारी ०.०१९. जवळजवळ दहापट. म्हणजे आणखी टकरी गोळा करून हा आकडा फारसा धारदार होणार नाही. टॉप कसा जन्मतो आणि कसा फुटतो याचं संगणकातलं चित्र सुधारावं लागेल.

प्रकाशाहून वेगाने निरोप गेला का?

नाही. फक्त टॉपचे लेप्टॉन बघा, ते सगळ्या दिशांना सारखे पसरलेले. फक्त प्रति-टॉपचे बघा, तेही तसेच. मेळ दिसतो तो दोन्ही याद्या शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवल्यावर. एका यादीत दुसरीचा निरोप नसतोच. त्यात उंबरठ्याजवळची ही जोडी मरते तेव्हा दोघांमध्ये प्रोटॉनएवढंही अंतर पडलेलं नसतं. २०२४मध्ये सीएमएसने ८०० जीईव्हीच्या वरच्या, फार वेगात दूर जाणाऱ्या जोड्यांतही गुंफण दाखवली. त्यांतल्या बहुतेक जोड्या अशा, की एक फुटल्याची खबर प्रकाशाच्या वेगानेही दुसऱ्यापर्यंत वेळेत पोचली नसती. तिथेही वरचं विधान तसंच लागू.

मग हा २०२२च्या नोबेलवाला प्रयोगच ना?

भाऊबंद आहे, पण तो नव्हे. अ‍ॅस्पे, क्लॉझर आणि झायलिंगर यांच्या प्रयोगांत प्रकाशकण कुठल्या दिशेने तपासायचा हे प्रयोग करणारा ठरवतो, आणि त्या निवडीवरच बेलची कसोटी (मेळ चपलांसारखा आधीच ठरलेला असू शकतो का हे तपासणारी) उभी आहे. इथे निवड आपल्या हातात नाही. लेप्टॉन जिकडे जायचा तिकडे जातो. शिवाय लेप्टॉनच्या दिशेवरून स्पिन वाचण्याचं गणितच क्वांटम सिद्धान्तातून घेतलेलं आहे, तेव्हा त्याच सिद्धान्ताची बाहेरून परीक्षा घेतली असं म्हणणं बरोबर नाही. बेलच्या कसोटीची खात्रीची रेषाही बरीच खाली, उणे ०.७०७ला आहे. उणे ०.५३७ तिथे पोचत नाही. निबंधाचा दावा गुंफणीपुरता आहे, आणि तो तेवढाच ठेवलेला बरा.

याचा उपयोग?

सहसंबंध हा लपलेल्या कणांना पकडण्याचा मार्ग आहे. टॉपचा एक अतिसममित (सुपरसिमेट्री या सिद्धान्तातला) जोडीदार, ‘स्टॉप’, असू शकतो असं एक जुनं अनुमान आहे. त्याचं वस्तुमान टॉपएवढंच असतं तर तो फुटून टॉपसारखाच पसारा करतो आणि नुसत्या मोजणीत ओळखू येत नाही. पण स्टॉपचा स्पिन शून्य, त्यामुळे त्याच्या जोडीतून आलेल्या टॉपमध्ये तो मेळ नसतो. अ‍ॅटलासने २०१४मध्ये याच युक्तीने, अनुमानाच्या एका ठरावीक रूपात, टॉपच्या वस्तुमानापासून १९१ जीईव्हीपर्यंतचे स्टॉप बाद केले.

सगळ्यांत रंगतदार भाग: आकडा जरा जास्तच निघाला

अ‍ॅटलासच्या संगणकी चित्राप्रमाणे डी उणे ०.४७०च्या आसपास यायला हवा होता. आला उणे ०.५३७. गुंफणीच्या बातमीत ही तफावत झाकली गेली. मला मात्र खरी बातमी हीच वाटते.

उंबरठ्याजवळ टॉप आणि प्रति-टॉप फार हळू सरकतात, आणि प्रबळ बल त्यांना एकमेकांकडे ओढतं. चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिकण असेच बांधले जाऊन १९७४ला एक नवा कण सापडला होता, बॉटमची जोडी १९७७ला. टॉप इतक्या लवकर मरतो की त्याची अशी बांधलेली जोडी, ‘टॉपोनियम’, बनतच नाही असं सगळे धरून चालत. सिद्धान्तवाले मात्र १९८०च्या दशकापासून सांगत होते, की पूर्ण बंध जमला नाही तरी क्षणभराच्या ओढीने उंबरठ्यावर जोड्या वाढतील. आणि एलएचसीत या वाढीव जोड्या कुठल्या असणार? ग्लुऑनांतून आलेल्या, स्पिनची बेरीज शून्य असलेल्या, म्हणजे डीला आणखी खाली खेचणाऱ्या. अ‍ॅटलासच्या चित्रात त्या धरल्याच नव्हत्या. सीएमएसने धरल्या, तर त्यांचा मोजलेला डी अपेक्षेशी छान जुळला.

२०२५च्या वसंतात सीएमएसने उंबरठ्यावर अशा जास्तीच्या जोड्या ५ सिग्माच्या वर असल्याचं जाहीर केलं. जुलैमध्ये मार्सेच्या परिषदेत अ‍ॅटलासने ७.७ सिग्माने दुजोरा दिला. दोघांचेही आकडे एकूण टॉप-जोड्यांच्या साधारण एक टक्का भरतात आणि एकमेकांशी जुळतात. शंभरातली ती एक जोडी उरलेल्या नव्याण्णवांतून वेगळी काढायला लेप्टॉनांमधले हेच कोन वापरले.

म्हणजे टॉपोनियम सापडला म्हणायचं?

बहुतेक, पण दोन्ही गट शब्द जपून वापरतात. दोन न्यूट्रिनो निसटल्यामुळे जोडीचं वस्तुमान काढताना कित्येक जीईव्हींची चूक राहते, आणि टॉपोनियमची रुंदी, म्हणजे त्याचं वस्तुमान जेवढ्या पट्ट्यात विखुरतं तो पट्टा, तीनेक जीईव्हीच. त्यामुळे आलेखात टोकदार शिखर दिसत नाही, नुसता उंबरठ्यावरचा फुगवटा दिसतो. योगायोगाने तिथेच कुठे हिग्ज बोसॉनसारखा दुसरा, उलट समतेचा (आरशातल्यासारखी डावी-उजवी अदलाबदल केली की चिन्ह बदलणारा) नवा कण असेल तर त्याच्या जोड्यांचे स्पिनही असेच दिसतील. टॉपोनियम तर आधीपासून अपेक्षित आहे, म्हणून पारडं त्याच्याकडे झुकतं. पण उंबरठ्यावरचं प्रबळ बलाचं गणित अजून हवं तितकं पक्कं झालेलं नाही, आणि ते झाल्याशिवाय ‘नवा कण नाहीच’ असं कुणी लिहून देणार नाही.

पुढेमागे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळवणारं मोठं यंत्र उभं राहिलं तर ऊर्जा नेमकी ३४५च्या आसपास लावून हा उंबरठा थोडा थोडा करत तपासता येईल. पण त्या टकरीत स्पिन समांतर असलेली जोडी बनते. शून्य बेरजेची जोडी तिथे सहज मिळणार नाही. तिच्यासाठी ग्लुऑनच लागतात, आणि तोपर्यंत एलएचसीतल्या दोन लेप्टॉनांचा तो कोनच मोजत राहावा लागेल.